वाळतंय, हात लावू नका

माझे थोरले दीर नोकरीभर तपासनीस होते. दुसऱ्यानं केलेलं काम बघायचं, नाक मुरडायचं आणि शेरा मारायचा. स्वतः काही करून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही, त्यामुळे आपल्याला सगळं येतं हा समज निवृत्तीपर्यंत शाबूत राहिला. निवृत्तीनंतर तो लाकडाकडे वळला.

निमित्त झालं जाऊबाईंच्या शिवणाच्या मशीनचं. त्या घरी कपडे शिवतात. मशीन एका बुटक्या पेटीवर आणि त्या स्वतः जमिनीवर, पाय दुमडून. गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, मला एक टेबल आणून द्या."

"आणायचं कशाला? दुकानातलं टेबल म्हणजे भुसा आणि कागद. मी करतो."

हे ऐकून वरच्या मजल्यावर आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

लाकडाच्या आधी फळ्या आवळून धरायचे क्लॅम्प आले. लांब, आखूड, लाल मुठीचे, काळ्या मुठीचे. पाहुणे आले की चहाआधी क्लॅम्पदर्शन. "गोंद कुणीही लावेल हो, पकड पाहिजे, पकड!" असं म्हणत भाऊजी पाहुण्याच्या अंगठ्यावर एखादा आवळूनही दाखवायचे. पाहुणे कमी झाले.

फळ्या चिकटवायच्या दिवशी एक टोक धरायला मला खाली बोलावलं. घरात सपाट जागा एकच, जेवायचं टेबल. त्यावर फळ्या मांडल्या. भाऊजींनी कडांना ब्रशनं गोंद फासला आणि ब्रश हातात धरूनच लाकडाच्या रेषांवर व्याख्यान सुरू केलं. गोंद तपासनिसासाठी थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मग एकदम धावपळ. क्लॅम्प आवळावा तर फळ्या ओल्या साबणासारख्या निसटायच्या. आणखी आवळला तर मधोमध मांजराच्या पाठीसारख्या वर यायच्या. शेवटी भाऊजींनी वरून आडव्या पट्ट्या टाकल्या आणि पट्ट्या, फळ्या, जेवायचं टेबल, असं सगळं मिळून क्लॅम्पमध्ये आवळलं. सांध्यांतून गोंद बदाबदा बाहेर आला.

"अहो, खाली कागद घालू का?" जाऊबाई म्हणाल्या. "चिकटेल नाहीतर."

"कागदानं पकड जाते. तू तुझं शिवण बघ."

दुसऱ्या दिवशी भाऊजी दार लावून आत गेले. खाटखूट झाली, धपधप झाली, मग बराच वेळ काहीच नाही. घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "ओल आहे अजून. वाळतंय. हात लावू नका."

त्यानंतर ते वाळतच राहिलं. कधी हवा दमट होती, कधी गोंद जातिवंत होता, कधी "लाकूड श्वास घेतं, तुम्हाला नाही कळायचं." घरात सगळे ताट मांडीवर घेऊन जेवू लागले. क्लॅम्पच्या मुठींना पिशव्या, छत्र्या लटकल्या. आणि जाऊबाई जमिनीवर बसून शिवत राहिल्या. उठताना भिंतीला हात लावून क्षणभर डोळे मिटायच्या. तेवढं बघताना मात्र मला हसू यायचं नाही.

एका दुपारी भाऊजी बाहेर गेले आणि जाऊबाईंनी मला हाक मारली. "धर गं एक टोक. वाळलं नसेल तर मी वाळेन आता." त्यांनी एकेक क्लॅम्प सोडवला. आम्ही दोघींनी फळ्या उचलल्या, तर जेवायचं टेबलच पायांसकट उचललं गेलं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"म्हणजे ह्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं!"

"पकड मात्र बसली हो, वहिनी," मी म्हटलं, आणि दोघी पोट धरधरून हसलो.

मग जाऊबाई एकदम थांबल्या. टेबलाभोवती एक फेरी मारली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खिडकीपाशी घेऊ या."

मशीन वर चिकटून बसलेल्या दोन पट्ट्यांच्या मधे असं बसलं, जणू मापच घेतलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या. पाय सरळ, पाठ ताठ, समोर उजेड. एक लाल क्लॅम्प पुन्हा कडेला लावून त्याच्या मुठीला टेप आणि कात्री अडकवली, आणि मशीन सुरू केलं.

भाऊजी आले ते दारातच थबकले. "अगं, ते वाळतंय..."

"वाळू दे की. मी कुठे हात लावतेय? मी शिवतेय."

ते जवळ आले, वाकले, सांध्यावर बोटानं टकटक केलं. सवयीनंच. मी शेऱ्याची वाट बघत होते.

"काम... ठीक आहे," ते पुटपुटले.

"ठीक काय, उत्तम आहे! आता जेवायला एक करा."

संध्याकाळी वाटी परत द्यायला मी खाली गेले. भाऊजी जमिनीवर पाय दुमडून जेवत होते. आमटी मांडीवर सांडली होती. उठताना त्यांनी भिंतीला हात लावला, गुडघा चोळला आणि हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, दुकानात नुसती चौकशी करून यायची का?"

"छे हो!" जाऊबाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "दुकानातलं म्हणजे भुसा आणि कागद. तुम्हीच करा."