रात्र करायची राहिली

फ्रीजर उघडून मटारच्या पिशवीकडे हात न्यावा आणि हाताला शेपटी लागावी, याहून किळसवाणं काही या वयापर्यंत माझ्या वाट्याला आलेलं नाही. हाताला लागली ती पिशवी दुसरीच होती, पारदर्शक. आत पांढरे उंदीर एकमेकांना चिकटून, दगडासारखे कडक होऊन पडले होते. एकाचं तोंड प्लॅस्टिकला असं दाबलं गेलं होतं की तो आतून माझ्याकडेच बघतोय असं वाटावं. मी मटार जिथल्या तिथे ठेवले आणि फ्रीज लावला. त्या दिवशी आमच्याकडे बटाट्याची भाजी झाली.

"आवं, ती पिशवी आधी भाईर काढा," बायको म्हणाली, "न्हाईतर मी फ्रीजसकट उकिरड्यावर टाकते."

"पोरीनं ठेवलीय."

"पोरगी दोघांची हाय. उंदीर तुमचे एकट्याचे."

आमची लेक शिरवळला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिची एक मैत्रीण परदेशी शिकायला गेली आणि जाताना स्वतःचा साप हिच्या हवाली करून गेली. आफ्रिकेतला बुटका अजगर, बॉल पायथन. कागदपत्रं रीतसर, विष अजिबात नाही, दिसायला मात्र कुणीतरी जुनी तपकिरी शाल गुंडाळून टाकलीय आणि ती शाल श्वास घेतेय, असा. भाड्याच्या खोलीत लेकीने तो लपवून ठेवला होता. एकदा त्याने टाकलेली कात घरमालकिणीने कचऱ्यात पाहिली आणि विषय संपला. त्यातच लेकीला कामासाठी कोयनानगरच्या बाजूला जायचं निघालं. मग काचेची पेटी, साप आणि उंदरांची पिशवी आमच्या घरी आली.

"पप्पा, तुम्ही एवढ्या कोंबड्या सांभाळता. हा एकच जीव आहे."

मला खुशामत कळते. कळूनही ती मला चालते, हा माझा दोष बायकोने लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखला होता. खानापूर तालुक्यात माझा पोल्ट्रीचा धंदा आहे. एका शेडमध्ये मांसाची पिल्लं, दुसऱ्यात अंड्याच्या कोंबड्या. खायला घालण्यात आपण कुणाला हार जात नाही, असं मी चारचौघांत बोलत असतो. लेकीने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

तिने सगळं समजावून सांगितलं. पेटीखाली गरम होणारी चटई आहे, ती चालूच राहू द्या. वरची पांढरी लाइट सकाळी लावा, संध्याकाळी आठवणीने बंद करा. आठ-दहा दिवसांनी एक उंदीर, कोमट पाण्यात वितळवून, चिमट्याने. मी सगळ्याला मान डोलावली. लाइट बंद करायचं ऐकून मनात हसलोही. भाड्याच्या खोलीत राहून पोरगी बिलाला घाबरायला लागलीय, बापाच्या घरी एका लाइटने काय होतंय!

निघताना गाडीत बसता बसता ती म्हणाली, "पप्पा, मला पहिल्यांदाच कुणीतरी जीव सोपवलाय. अजून डॉक्टरसुद्धा झाले नाही मी." तिचे डोळे पाणावले होते. मी म्हटलं, "जा निवांत. जाडजूड करून देतो."

पहिला उंदीर वितळवायला भांडं कोणतं घ्यायचं यावर घरात युद्ध झालं. शेवटी बायकोने माझा दाढीचा मग पुढे सरकवला. "घ्या. तुमचं तुमच्यापाशीच राहू द्या." कोमट पाण्यात तो उंदीर हळूहळू मऊ पडत गेला, त्याची फर भिजून अंगाला चिकटली, आणि असा एक वास सुटला की अजूनही दाढी करताना मी श्वास रोखून धरतो. चिमट्यात शेपटी धरून मी तो सापापुढे नाचवला. साप हलला नाही. मी आणखी नाचवला. मग, कुणाला सांगू नका, पिल्लांना हाक मारतो तसं "ये ये ये" सुद्धा करून पाहिलं. दारात उभी राहून बायको पदर तोंडाला लावून बघत होती. किळस आली होती की हसत होती, पदरामुळे कळलं नाही.

साप जेवला नाही. उंदीर मी कागदात गुंडाळून लांब पुरून आलो आणि रात्री मलाही जेवण गेलं नाही.

आता मी माझी अक्कल चालवली. मांसाची पिल्लं येतात तेव्हा शेडमध्ये रात्रभर बल्ब असतात. उजेड असला की पिल्लू खातं, खाल्लं की वजन धरतं. हे मला झोपेतही ठाऊक. तेव्हा पिल्लांवर लावतो तसला एक पिवळा बल्ब आणून मी पेटीजवळ टांगला. तिची पांढरी लाइट होतीच. दोन्ही दिवसरात्र चालू. पेटी अशी लखलखायला लागली की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं आमच्या घरी सत्यनारायण आहे.

साप आणखी घट्ट गुंडाळला गेला आणि त्याने डोकं वेटोळ्यात खुपसलं. मला पाठ दाखवतोय म्हणून मला रागच आला. दुसरा उंदीर नाही, तिसरा नाही. त्याच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला, अंगाला बाजूने सुरकुत्या पडल्या. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आधी किळसेने, मग किळस आणि भीती दोन्हींनी. लेकीचा फोन आला की तिचं पहिलं वाक्य एकच, "खाल्लं का?" मी म्हणायचो, "खाईल गं." पोरीला मिळालेला पहिलाच जीव माझ्या घरात मरणार, हे मला आता स्वच्छ दिसत होतं.

कोंबडीखाद्याचे व्यापारी आमच्याकडे नेहमी चहाला थांबतात. त्यांनी लांबूनच पेटी पाहिली.

"शिराळ्याच्या नागपंचमीतला का?"

"आफ्रिकेचा."

"मग त्याला हिकडचं पचत नसंल," असं म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला. टेबलावर चिमटा होता, तो त्यांना दिसला असावा.

एका संध्याकाळी, दिवेलागण होऊन गेल्यावर, लेकीने व्हिडिओ कॉल केला. डोंगरातल्या रेंजमुळे तिचा चेहरा अर्धा चौकोन चौकोन झाला होता. "दाखवा त्याला," म्हणाली. मी फोन पेटीकडे वळवला.

"पप्पा, एवढा उजेड कसला?"

"बल्ब लावलाय. खावा म्हणून."

"कधीपासून?"

"पहिला उंदीर नाकारला तेव्हापासून. तुझी लाइट तर तू गेल्यापासून चालूच हाय. काही कमी पडू दिलं नाही मी."

तिने चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.

"पप्पा, तो अंधार पडल्यावर बाहेर येतो. अंधारातच खातो. तुम्ही त्याला रात्रच दिली नाही."

"रात्र काय मी द्यायची असती?"

"हो. पेटीत आपणच करायची असते. म्हणून तर संध्याकाळी बंद करा म्हणाले होते."

"मला वाटलं, बिल वाचवतीयस."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, लेकीला ऐकू जाईल असा. "अगं, अंड्याच्या शेडला ह्यांनी टायमर बसवलाय. एक दिवस लाइट उशिरा बंद झाली तर गड्याच्या अंगावर जातात. कोंबडीला रात्र पायजे हे ठाऊक, आणि हा बिचारा जागाच ठेवला!"

बिचारा. तिच्या तोंडून सापाला पहिल्यांदाच असा शब्द आला होता आणि तोही माझ्याविरुद्ध वापरायला.

मी लगेच दुसऱ्या टोकाला गेलो. "मग लाइट काढूनच टाकतो. अंधारातच राहू दे त्याला."

"नाही हो, दिवसही हवा. त्याला भारी दिवा लागत नाही, खोलीतला उजेडही पुरतो. फक्त ऊन थेट पेटीवर नको. पण सकाळी दिवस आणि संध्याकाळी रात्र, रोज ठरल्या वेळेला. ऊब खालची चटई देईल. तो पिवळा बल्ब आधी काढा."

मी बल्ब काढला आणि शेडमधला जादाचा टायमर आणून पांढऱ्या लाइटला जोडला. कोंबड्यांचा टायमर सापाला! संध्याकाळी टक् असा आवाज व्हायचा, पेटी काळी पडायची आणि बायको म्हणायची, "झाली त्याची रात्र." पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एकदा दिवा गेल्यावर थोड्या वेळाने काचेवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तो बाहेर आला होता. जीभ आतबाहेर करत कोपरा न् कोपरा हुंगत होता. उंदीर वितळवायला दाढीचा मग आणायला मी पळालो.

खोलीत फक्त पडवीतला उजेड येत होता. मी चिमटा पुढे केला. या वेळी "ये ये ये" केलं नाही. क्षणभर काही नाही, आणि मग काय झालं ते मला दिसलंच नाही. चिमटा हातातून उडाला, मी मागे फडताळावर आदळलो. पाहतो तो उंदराभोवती वेटोळी पडलेली. मेलेल्याला तो पुन्हा मारत होता. मग त्याने जबडा असा फाकवला की तोंड राहिलंच नाही, नुसतं भोक, आणि ते भोक उंदरावर मोज्यासारखं चढत गेलं. ओलं, चिकट, सावकाश. शेवटी शेपटी तेवढी ओठाबाहेर लोंबत राहिली. मी तोंड फिरवलं. बायको मात्र दारातून हलली नाही. शेपटी आत गेली तेव्हा म्हणाली, "गिळलं बाई एकदाचं," आणि खाली बसली.

मी लेकीला फोन लावला. "खाल्लं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "सगळं?"

"शेपटीसकट."

"आई कुठाय?"

"आई दाढीचा मग फेकायला निघालीय."

लेकीचं काम लांबलं आहे, त्यामुळे साप अजून आमच्याकडेच आहे. त्याने आता अंग धरलंय. किळस काडीनेही कमी झालेली नाही. त्याची पेटी साफ करताना मी नाकाला रुमाल बांधतो. मटार आम्ही आता ताजे आणतो आणि सोलून त्याच दिवशी संपवतो. फक्त आमच्याकडची वीज भरदुपारी कधीही जाते, आणि ती गेली की पेटीत अवेळी रात्र होते. टायमरही मागे पडतो, तो पुन्हा लावावा लागतो. त्यातली गंमत अशी की हे मला ताटावर बसल्यावरच आठवतं. बायको नुसती माझ्याकडे बघते. मी तोंड वाकडं करत उठतो, खिडकीचा पडदा बाजूला सारतो, त्याचा दिवस करून देतो, हात दोनदा धुतो आणि उरलेली भाकरी खायला परत बसतो.