सहा जणांची एकच बातमी

एटापल्लीकडच्या त्या गावाने पत्रकारांना दार बंद केले ते एका पक्षाच्या लोकांनी कान भरले म्हणून, असे हल्ली ब्रह्मपुरीत सांगितले जाते. सांगणारे त्या दिवशी तिथे नव्हते. मी होतो; तिथे गेलेल्या नव्या बातमीदारांना मीच शिकवत होतो.

जंगलातून जाणाऱ्या नव्या रस्त्यावरून गावात दोन तट पडले होते. रस्ता नको म्हणणाऱ्याला बातम्यांचे एक पोर्टल विकासाचा शत्रू ठरवी, तर हवा म्हणणाऱ्याला दुसरे ठेकेदाराचा दलाल. वैतागून ग्रामसभेने बातमीदारांशी बोलणेच सोडले. मी तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे एक संधी मिळाली. माझ्या सहा प्रशिक्षणार्थींनी दोन्ही तटांना भेटावे, लिहावे आणि निघण्यापूर्वी ते सभेत वाचून दाखवावे. गावाला पटले, तर दार पुन्हा उघडणार होते.

पहिल्याने वाचले. माना डोलू लागल्या. दुसऱ्याने सुरुवात केली, तर वाक्ये तीच. तिसऱ्याचीही तीच. आमच्या तालुक्यातल्या बातमीदारांची जुनी रीत आहे ही: एकाने टाइप करून ग्रुपवर टाकायचे, बाकीच्यांनी आपले नाव लावून पुढे पाठवायचे.

"तुमी सहा झन आलते ना, भाऊ?" बायकांतून एक म्हातारी म्हणाली. "मंग तोंड एकच कसं?"

"मजकूर तं बरोबर हाय ना, बाई?" आमचा एक जण उसळला.

"असंल बरोबर. पन मले काऊन नाई विचारलं? मी घरीच होती. दारावरून गेले तुमी, पानी बी नाई मांगतलं!"

सभा खो खो हसली. माझे कान तापले.

मोबाईलने ही पिढी बिघडवली, असे माझे समवयस्क म्हणतात. तेही धादांत खोटे आहे. तालुक्यात एकच फोन धड चालत असे, तेव्हा एकाने लिहिलेली बातमी आम्ही सारे आपापल्या दैनिकाला वाचून दाखवत होतो आणि त्याला बंधुभाव म्हणत होतो. मी या सहांना दोन्ही बाजू मांडायला शिकवले. प्रत्येकाने स्वतःच्या पायांनी दारोदार जावे, हे शिकवले नाही, कारण न जाणे ही चूक आहे असे मला स्वतःलाच कधी वाटले नव्हते.

"चहा प्याले येत जा, भाऊ," सभेचे अध्यक्ष मला म्हणाले. "लिवाले नोका येऊ."

मग ठराव मांडला गेला. रस्त्याच्या प्रश्नावर एकमेकांकडे पाठ करून बसणाऱ्या दोन्ही तटांनी, आम्हाला गावाबाहेर ठेवण्यासाठी, एकदमच हात वर केले.