शाहूवाडीची खोली, फक्त गुरुवारी

मुलांनो, आजी या वयात दवाखान्यात नोकरीला लागली म्हणून परवा फोनवर तुम्ही दोघं खूप हसलात. नोकरी नाही ही. तुमच्या डॉक्टरकाकाच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि त्याच आठवड्यात एक नवं सॉफ्टवेअर आलं. गावोगावचे डॉक्टर त्यातून मधुमेहाचे रुग्ण काकाकडे पाठवणार होते. पूर्वी ते चिठ्ठी लिहून देत, आता फोनवरच नोंद करायची. पण त्याआधी कोणीतरी बसून त्याला सांगायला हवं, की आपले दवाखाने कुठे आहेत आणि तिथे कोण कधी असतं. काका म्हणाला, "आत्या, तुझं इंग्रजी चांगलं आहे आणि तुला सगळं जागच्या जागी लागतं. तूच भर ते."

मी आनंदाने बसले. आपल्या जागा चार: कोल्हापूरचा मुख्य दवाखाना, कोडोली, नृसिंहवाडी आणि शाहूवाडी. मला वाटलं होतं, जागा म्हणजे पत्ता. पण सॉफ्टवेअरचे प्रश्न संपेनात. पायऱ्या आहेत का? गाडी दारापर्यंत येते का? नकाशावर टाचणी लावा. मला उलट त्यालाच प्रश्न विचारावेसे वाटायला लागले. पौर्णिमेला नृसिंहवाडीत गाडी पुढे सरकत नाही, ते कुठे लिहू? कोडोलीत बाजाराच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत येते, त्याला रकाना कोणता? शाहूवाडीची टाचणी तर भाताच्या खाचरात जाऊन पडली. तिला ओढून दूध संस्थेच्या शेजारच्या खोलीवर आणताना मला फार मजा वाटली.

त्या खोलीत काका दर गुरुवारी जातो. रोज तिथे एक सिस्टर असतात. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्यांच्या जखमा धुणं, पट्टी बांधणं हे काम त्या कितीतरी वर्षं करत आहेत. सकाळची एसटी आली की त्यांची खोली उघडते आणि शेवटचा माणूस परतीच्या गाडीत बसला की बंद होते. मी त्यांचं नाव भरलं, प्रकारात 'नर्स' निवडलं, तशी 'रुग्ण स्वीकारतात' या ओळीपुढची टिक आपोआप गेली. मी थोडा विचार केला आणि ठरवलं, सॉफ्टवेअर करणाऱ्यांना जास्त कळत असणार. मग शाहूवाडीपुढे एकट्या काकाचं नाव राहिलं: गुरुवार, दहा ते एक. रुग्णाला जाणारा मेसेजही मी शुद्ध मराठीत लिहिला: 'कृपया दिलेल्या दिवशी व दिलेल्या वेळीच यावे.' मला तो फार नेटका वाटला होता.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, सिस्टरांचा फोन आला. आवाज इतका मोठा, की मी फोन कानापासून लांब धरला.

"आवो बाई, हितली माहिती त्या कॉम्प्युटरात कुणी भरली?"

"मीच भरली. का हो?"

"मग मला सांगा, मी काय मेलीया व्हय? रोज हितंच बसतीया की मी! एक बाई शुक्रवारपास्नं घरात बसून ऱ्हायलीया. पायाच्या अंगठ्याला जखम. तिच्या डाक्टरनं तुमच्या त्या फोनवर नाव घातलं, तर मेसेज आला, बेस्तरवारी या. तिच्या वाडीतली दुसरी बाई आज पट्टीला आली म्हणून मला कळलं. आत्ता बघून आलीया घरला जाऊन. अंगठा काळा पडाय लागलाय."

मी विचारलं, "पण ती तुम्हाला ओळखत नव्हती का? तशीच का नाही आली?"

"वळखती की! मी बी तेच म्हटलं. तर म्हणती, दवाखान्याचाच मेसेज हाय, आदी गेलं तर डाक्टर रागावतील."

भातलावणीचे दिवस होते. चिखलात तिच्या पायाला काहीतरी लागलं होतं. तिला ते दुखलंही नव्हतं, कारण पायाला जाणीव नव्हती. नुसती चिठ्ठी असती तर ती त्याच दिवशी सिस्टरांकडे गेली असती. मी घातलेल्या चार ओळींनी तिला चार दिवस घरात बसवलं होतं.

काकाने संध्याकाळी तिला कोल्हापुरात आणून दाखल केलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारपर्यंत बघू. काळं पुढे सरकलं तर अंगठा काढावा लागेल."

बुधवार ते शनिवार मी दोनच गोष्टी केल्या. रोज सकाळी अंगठ्याची चौकशी केली आणि उरलेल्या वेळात त्या टिकचा पिच्छा पुरवला. ती का गेली? कुणी ठरवलं? सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत क्रमांकावर पुण्याची एक मुलगी होती, गोड बोलणारी.

"मॅडम, नर्स निवडलं की ती टिक निघते. तुम्ही परत लावायची."

"परत लावता येते?"

"हो. खाली देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचं नाव घाला, की सेव्ह होतं."

"मग मला तसं कुठे दिसलं का नाही?"

"मॅडम, याआधी कुणी विचारलंच नव्हतं."

मुलांनो, मी फोन ठेवला आणि पडद्यावर सिस्टरांची ओळ पुन्हा उघडली. एवढासा चौकोन! त्या दिवशी बोट लावून बघितलं असतं तर? आयुष्यभर मी प्रत्येक रकान्याला 'हे असं का' विचारत आले आणि नेमकं तिथे विचारलं नाही.

देखरेखीला आपलं नाव घालायला काकाने होकार दिला, मी टिक परत लावली आणि सिस्टरांना फोन करून वेळा विचारल्या. त्या म्हणाल्या, "एसटी आली की." मी म्हटलं, त्याला आकडे लागतात. बरीच घासाघीस होऊन सोमवार ते शनिवार, नऊ ते तीन ठरलं. मेसेजही बदलला: 'जखम असेल तर थांबू नका. आजच या.'

शनिवारी काकाने पट्टी सोडली. काळं तिथेच थांबलं होतं. अंगठा राहिला, नख गेलं. आणखी आठ दिवस ठेवून तिला घरी सोडलं.

ती घरी गेल्यानंतरच्या गुरुवारी मी काकाबरोबर शाहूवाडीला गेले. टाचणी लावलेली जागा मला एकदा डोळ्यांनी बघायची होती, आणि अंगठ्याला जखम झालेल्या त्या बाईला तोंड दाखवायचं होतं. खोली लहान, भिंतीला पांढरा रंग, एक स्टूल, दाराशी चपलांचा ढीग. सिस्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या पावणं. तुम्हीच व्हय त्या बेस्तरवारवाल्या?" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

ती बाई आमच्या आधीच येऊन बसली होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, की तो मेसेज माझ्या चुकीने गेला होता.

"तुमचा व्हता?" ती म्हणाली. "लई चांगला लिवलावता. सुनंनं दोनदा वाचून दावला."

सिस्टरांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा बारीक धागा काढला. मी विचारलं, हे कशाला? पायाला किती कळतं ते यातून समजतं म्हणे. त्यांनी आधी माझ्या तळव्याला तो टेकवला. मुंगी चालल्यासारखं वाटलं. मग त्या बाईला डोळे मिटायला सांगितलं.

"लागतंय?"

"न्हाय."

"हितं?"

"न्हाय."

धागा टाचेकडे सरकला.

"आणि हितं?"

"व्हय," ती डोळे न उघडता म्हणाली. "हितं कळतंय."

सिस्टरांनी तिच्या कागदावर टाचेपाशी खूण केली आणि नवी पट्टी बांधली. ती चपला घालताना विचारत होती, "आता परत कधी यायचं? मेसेज ईल न्हवं?"

"त्याची वाट बघू नगंस," सिस्टर म्हणाल्या. "उद्या ये."