उद्धट माणसाचं प्रेम

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक इंग्रजी कादंबरी होती. दोनशे वर्षांपूर्वीची. लग्नाला आलेल्या मुली, त्यांना उजवण्यासाठी जिवाचं रान करणारी आई, आणि एक गर्भश्रीमंत माणूस, जो नायिकेला पहिल्याच भेटीत तुच्छ लेखतो आणि पुढे तिच्याच प्रेमात पडतो. वर्गातल्या बहुतेक जणींनी ती गाईडवर उरकली. मी मात्र इंदापूर-बारामती एसटीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. शहाणपणा नडतो तो असा.

आमचं घर कासाराचं. इंदापुरात बांगड्यांचं दुकान, आणि लग्नसराईत आईबरोबर घरोघरी जाऊन नवरीला चुडा भरायचा. मोठ्या घरांत आमच्यासाठी सतरंजी अंथरली जायची, चहा यायचा, बिस्किटं यायची. सोफ्यावर बसा असं कुणी म्हणायचं नाही आणि आम्हीही कधी बसलो नाही. त्यामुळे त्या कादंबरीत कुणी कुणाच्या दिवाणखान्यात कसं बसायचं याची जी भानगड आहे, ती मला अगदी घरातली वाटली.

माझी मैत्रीण बारामतीची. वडील वकील, दारात दोन गाड्या. तिचे हात इतके मऊ की आई म्हणायची, "ह्या पोरीला बांगडी चढवायला साबण लागायचा न्हाय." कॉलेजच्या कँटीनमध्ये ती वडापाव खायची आणि मी तिला कादंबरी सांगायची.

"थोडक्यात सांग गं," ती म्हणायची.

मग मी थोडक्यात सांगितलं. "जो तोंडावर उद्धट बोलतो ना, त्याच्याच मनात खरं काहीतरी असतं. गोड बोलणारे फसवतात. संपली कादंबरी."

परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. माझा जळफळाट तेव्हापासूनचा आहे.

त्याच वर्षी नरसिंहपूरच्या जत्रेत आम्ही बांगड्यांचं पाल लावलं होतं. एक बाई भाच्याला घेऊन आल्या. भाचा म्हणजे बारामतीतल्या ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांचा मुलगा. उंच, गोरा, गॉगल डोक्यावर चढवलेला. आई दुसऱ्या गिऱ्हाइकात होती, म्हणून त्या बाईंचा हात मी धरला. पुस्तक मांडीवर उपडं पडलं होतं.

"आत्या, आटप लवकर," तो म्हणाला. "काचेच्या तुकड्यांसाठी किती टाईम घालवायचा? अन् हिला येतंय का भरायला? धंद्यावर बसून पुस्तकं वाचतीय."

दुसरी कुणी असती तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते. माझ्या मात्र छातीत धडधडायला लागलं. पहिली भेट, सगळ्यांदेखत अपमान, तोही श्रीमंताकडून. कादंबरीत होतं तसंच, बरोबर जागच्या जागी. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच्या आत्याला आमच्या बांगड्या आवडल्या. त्या अधूनमधून दुकानात यायला लागल्या. तो गाडीतून उतरायचा नाही. पाच मिनिटं झाली की हॉर्न वाजवायचा, आणि आत्या "आले रे बाबा" म्हणत उठायच्या. मी काचेच्या कपाटाआडून बघायची. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तो जितका पाहायचा नाही तितकी माझी खात्री वाढत गेली. एवढं ठरवून न पाहणारा माणूस मनात काहीतरी धरून असल्याशिवाय असं वागेल का, असं मी स्वतःलाच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची.

मधेच लोणी भापकरचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले तर त्याने उठून तो माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "तुम्ही काय वाचता?" आमच्यात कुणी मुलीला असं विचारत नसे. बोलणं मऊ, हसणं मऊ. मी आत जाऊन आईला सांगितलं, "नको. फार गोड बोलतो."

आई बघतच राहिली. "आगं, मग काय शिव्या देणारा पायजे व्हय तुला?"

तेच हवं होतं मला.

शेवटच्या वर्षी परीक्षा संपल्यावर मैत्रिणीचा फोन आला. लग्न ठरलं. तिने नवऱ्याचं शोरूम सांगितलं, घर सांगितलं, जत्रेला जाणारी आत्यासुद्धा सांगितली. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत दिसेल त्या गिऱ्हाइकाशी भांडले.

चुडा भरायला अर्थातच आम्हालाच बोलावणं आलं. तीच सतरंजी, तीच बिस्किटं. आईने नवरीचा हात माझ्या हातात दिला. "तुझी मैत्रीण हाय, तूच भर."

हिरव्या बांगड्या चढवायला लागले तशी ती माझ्या कानाशी वाकली. "तुला एक सांगू? मी नाहीच म्हणणार होते. बघायला आला अन् सगळ्यांसमोर म्हणतो कसा, इंग्रजीत बी.ए. करूनसुद्धा पोहे खारटच? आई म्हणाली, असलं उद्धट पोरगं नको आपल्याला. मग मला तुझी कादंबरी आठवली. म्हटलं, याच्या मनात खरं काहीतरी असणार. दिला होकार. तुझ्यामुळं जमलं बघ."

माझ्या हातातली बांगडी कडकन गेली. भरताना फुटली तर नुकसान कासाराचं, असा आमच्यात रिवाज आहे. आईने डोळे वटारले, मी दुसरी घेतली.

कादंबरी मी वाचली, डिक्शनरीची पानं मी उलटली, लोणी भापकरला नकार मी दिला, आणि नवरा मिळाला हिला. तोही मीच सांगितलेल्या दोन वाक्यांवर.

चुडा भरून झाला की नवरी कासारणीच्या पाया पडते, मग ती कुणाचीही लेक असो. सकाळपासून मी त्याच क्षणाची वाट बघत होते. निदान तेवढं तरी. ती पैठणी सावरत वाकली, तिचं डोकं माझ्या पायाशी आलं, आणि मला आठवलं की आता आशीर्वाद द्यायचा असतो. अखंड सौभाग्यवती हो. म्हणजे मागायचं ते त्याचंच आयुष्य. मी अगदी मनापासून दिला तो आशीर्वाद. त्यात तिचा वाटा फारसा नव्हता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आई थकली, दुकान मी चालवते. लग्न राहिलं ते राहिलंच. गेल्या महिन्यात मैत्रीण आली, दोन्ही हात भरायचे म्हणाली. हात अजून तसेच मऊ आहेत, तेही मला बघवत नाही. उजवा हात भरून होत आला तेव्हा तिने हळूच विचारलं, "त्या कादंबरीत तो माणूस सुधारतो कधी गं?"

"तू वाचली नव्हतीस?"

"कुठली? गाईड वाचलेलं." ती काचेच्या कपाटाकडे बघत राहिली. "आमचा अजून तसाच हाय. परवा पाहुण्यांसमोर ताट सरकवलं. मी आपली वाट बघतीय, मनातलं बाहेर कधी येतंय."

"शेवटी येतं," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हिला मिळाला तो नुसताच उद्धट माणूस, आत काही नसलेला, आणि मी सुटले, असं मी मनात घोळवत असतानाच बाहेर हॉर्न वाजला.

तिचा डावा हात भरायचा राहिला होता. ती तशीच लगबगीने उठली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गादीवरून मीही उठून उभी राहिले आहे.