चंद्राला काळा कागद

कापसाचे ढग, साबणाच्या वड्या कोरून केलेले भेडाघाटचे संगमरवरी कडे, घासून चकचकीत केलेला पत्र्याचा चंद्र. सगळं मी स्वतः केलं, कुठेही न शिकता.

आज आमच्या शहरात, राइट टाउनात माझी फिल्म दाखवली. युद्धातला ब्लॅकआउट. फॅक्टरीतला नायक स्वप्नात प्रेयसीला भेटतो आणि विमानांना दिसू नये म्हणून दोघं चंद्रालाच काळा कागद चिकटवतात.

"भैया, चंद्राचा दोरा दिसून राहिला!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. वाटलं, संपलं.

तेवढ्यात चेरीताल मोहल्ल्यातल्या एक म्हाताऱ्या काकू उठल्या. "दिसू दे! युद्धात आम्ही खिडक्या झाकायचो, अन् हा चंद्र वर लखलखत राहायचा. तेव्हा दोरा असता तर मीच खाली ओढला असता!"

टाळ्या थांबेनात.

नंतर एक निर्माता म्हणाला, चंद्र कम्प्युटरवर करा, फिल्म विकत घेतो. तुम्ही काय म्हटलं असतं? मी तीन लाखांना नाही म्हटलं.