पिठीसाखरेची आमटी

दिवाळीपर्यंत मुलगी वाचायला लागली नाही, तर तिला गावी तिच्या मोठ्या काकांकडे ठेवायचं, असं नवऱ्यानं गणपतीतच जाहीर केलं. गाव लातूरकडचं. तिथले मास्तर अजून छडी वापरतात, हे तो कौतुकानं सांगायचा. मुलगी नऊ वर्षांची, आम्हाला उशिरा झालेली, एकुलती एक. अजूनही माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

मी तळवड्यातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. यादी केल्याशिवाय मी बाजारातच काय, माहेरीसुद्धा जात नाही. आणि माझ्या मुलीच्या शाळेला वेळापत्रकच नाही! पालिकेच्या जुन्या इमारतीत वस्तीतल्या लोकांनी मिळून चालवलेली शाळा, फी नाही. सकाळी मुलं गोल करून बसतात आणि आज आपण काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं. मोठ्यांना नियम एकच: मुलानं विचारल्याशिवाय शिकवायचं नाही.

तिथं तिला मीच हट्टानं घातलं होतं. आधीच्या इंग्रजी शाळेत तिचं बोलणंच बंद झालं होतं. इथं ती बोलायला लागली, भांडायला लागली. कारखान्यांतून येणाऱ्या खोक्यांच्या प्लास्टिक पट्ट्या गोळा करून टोपल्या विणायला लागली. घरात टोपल्या ठेवायला जागा उरली नाही, पण अक्षराचं नाव नाही.

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. त्यामुळे पालकांनी शाळेत मदतीला जायचं तेही गुरुवारी. एका गुरुवारी मी शाळा बघणाऱ्या ताईंना गाठलं.

"ताई, ती बाकी सगळं विचारते. वाचायचं कधीच विचारत नाही."

"विचारेल."

"आणि नाहीच विचारलं तर?"

ताई एका पट्टीची गाठ सोडवत होत्या. ती सुटल्यावर पट्टी सरळ केली. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही."

फी भरत असते तर तिथंच भांडले असते.

मग मला जे येतं ते मी केलं. घराचं स्टोअर केलं. पांढऱ्या चिठ्ठ्या, जाड काळं मार्कर. डाळ, पोहे, मीठ, साखर, पिठीसाखर, दार, कपाट. शिकवलं काहीच नाही, नुसत्या चिकटवल्या, म्हणजे नियम मोडला नाही. थोड्याच दिवसांत ती येता-जाता चिठ्ठीवर बोट ठेवून नाव घ्यायला लागली. एका संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला, तेव्हा तिनं त्याला हाताला धरून घरभर फिरवलं आणि एकूण एक चिठ्ठी वाचून दाखवली.

"दारावर दार लिवलंय, त्यात काय वाचायचं?" तो म्हणाला. पण जेवताना त्यानं आपल्या ताटातला पापड तिला दिला. मी मनातल्या यादीतून गाव खोडलं.

दिवाळीची साफसफाई आली. मी सगळे डबे उतरवले, घासले, वाळवले आणि फराळाचं सामान हाताशी राहावं म्हणून नवीन क्रमानं लावले. चिठ्ठ्या ज्याच्या त्या डब्यावर. त्या संध्याकाळी आमटी उकळत होती, माझे हात पिठात होते. "मीठ टाक गं दोन चमचे," मी म्हटलं. तिनं मिठाच्या नेहमीच्या जागेवरचा डबा काढला, त्यातली पांढरी पूड घातली आणि ढवळलं.

नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि थांबला. "ही आमटी हाय का बासुंदी?"

मी चव घेतली. पिठीसाखर. मी उठून तो डबा तिच्यासमोर धरला. "काय लिहिलंय?"

"मीठ," ती ठामपणे म्हणाली.

स्टोअरमध्ये माझी माणसंही चिठ्ठी वाचत नाहीत. तिसरी रांग, खालचा कप्पा, डावा ट्रे. हात आपोआप जातो. गेल्या वेळी रॅक हलवले तेव्हा चुकीचे बोल्ट लाइनवर गेले होते आणि मीच सगळ्यांना झापलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी घरी मला ते दिसलं नाही.

"झालं का वाचून?" नवरा म्हणाला. "पाडव्यानंतर नेतो तिला. आता बोलू नको." तिनं बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जेवण झाल्यावर मी एकेक चिठ्ठी ओरबाडून काढली आणि तिची बॅग भरायला घेतली. फ्रॉक, स्वेटर, खोबरेल तेल, कंगवा. ओढणी कुठली द्यायची यावर हात अडला. शेवटी बॅगेत रोजचीच ठेवली.

सकाळी कंपनीच्या बसची वेळ झाली होती. मी चप्पल घालत होते, तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर डबे मांडून बसलेली. पुढ्यात चुरगळलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग.

"आई, यातली मिठाची कुठली?"

मी दाखवली.

"कशावरून?"

खाली बसनं हॉर्न दिला. शेजारच्या बिल्डिंगमधली मैत्रीण ओरडली, "अगं ए, ड्रायव्हर थांबत नाही हं!" मी चप्पल काढली आणि मुलीजवळ जमिनीवर बसले. विचारलं तेवढंच सांगितलं. हा म, याला ही वेलांटी, हा ठ. तिनं प्रत्येकावरून बोट फिरवलं, डबा उघडून चाखून पाहिलं आणि चिठ्ठी थुंकी लावून दाबली. पुढं काही विचारलं नाही. पट्ट्यांचं भेंडोळं उचललं आणि शाळेत गेली.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं.

"एका शब्दावर दिवाळी काढायची व्हय?"

"काढायची," मी म्हटलं.

त्यानं मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. मग म्हणाला, "नाताळपर्यंत बघू. पण बॅग रिकामी करू नको."

बॅग कपाटाच्या मागं तशीच भरलेली आहे. मिठानंतर तिनं अजून दुसरा शब्द विचारलेला नाही. मी सांगत नाही. कसं गप्प बसते ते माझं मला माहीत. जेवताना मीठ आणायला तीच उठते. ढिगातली पिठीसाखरेची चिठ्ठी मी शोधून शेजारच्या डब्यावर लावली आहे आणि डब्यांची जागा रोज बदलते. ती दोन्ही चिठ्ठ्या निरखते, एक डबा आणते. बरोबर असतो. तरी नवरा चिमूटभर जिभेवर ठेवून बघतोच, आणि तोवर माझा घास हातात थांबलेला असतो.