नकाशावरचे बाबा

रेडिओच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. हौशी रेडिओचं, म्हणजे हॅम रेडिओचं, लायसन्स मी कॉलेजात असतानाच काढलं, तेही बाबांच्या हाताखाली शिकून. तेव्हा आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि बाबांची गच्चीवरची एरियल शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलायची. पुढे यमुनेपलीकडे मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आलो, बाबा रिटायर झाले, विसरायला लागले. आईने त्यांचं एकटं फिरणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "बाबा फिरतील. ते कुठे आहेत ते मी बघते."

मोबाइल ते हमखास घरी विसरायचे, पण हातात धरून बोलायचा रेडिओचा सेट कधीच नाही. त्या सेटला मी जीपीएस जोडला. दर दोन मिनिटांनी सेट त्यांचा ठावठिकाणा हवेत सोडायचा. आमच्या गच्चीवरच्या किंवा आमच्यासारख्याच कुणा हौशी माणसाच्या स्टेशनने तो ऐकला की इंटरनेटवरच्या नकाशावर बाबांचा ठिपका उमटायचा आणि कुणी ऐकला तेही खाली लिहून यायचं.

एका दुपारी गाझियाबादच्या ऑफिसात आईचा फोन आला. "दहाला गेलेत, दीड वाजला. बिल्कुल पत्ता नाही."

मी नकाशा उघडला. "आई, ते घरीच आहेत. गच्चीवर बघ."

"अगं, गच्ची, जिना, बाग, सगळं पालथं घातलं!"

मी वर तिच्यावरच डाफरले. मग खालची ओळ वाचली. सिग्नल ऐकला होता दक्षिण दिल्लीतल्या एका स्टेशनने. बाबा घरी असते तर आमच्याच गच्चीवरच्या स्टेशनने तो आधी ऐकला असता. आदल्या दिवशी खोलीत चाचणी घेताना जीपीएस लागेना, म्हणून मी घराचे अक्षांश-रेखांश हाताने भरले होते आणि ते काढायला विसरले होते. बाबा कुठेही असोत, सेट इमानेइतबारे सांगत होता, घरी आहे.

त्या स्टेशनवाल्या काकांना फोन लावला. "अंकल, बाबा का सिग्नल कैसा आ रहा है?"

"फुल आ रहा है, बेटा. यहीं कहीं पास में हैं."

ते काका लक्ष्मीबाई नगरला लागूनच राहायचे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्यांना आमच्या जुन्या ब्लॉकचा नंबर देऊन तिथे बघायला सांगितलं आणि गाडी काढली.

पोचले तेव्हा बाबा आणि ते काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. मला बघून बाबा म्हणाले, "केव्हाचा बेल वाजवतोय. तुझी आई दारच उघडत नाही."

मला तिथेच रडू आलं. लपवलं नाही.

गाडीत ते हळूहळू भानावर आले. मी माझी चूक सांगितली. "हाताने भरलेलं काढलं नाहीस? अगं, नवशिकेसुद्धा असं करत नाहीत!" घर येईपर्यंत ते मला झापत होते. इतकी बोलणी खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

घरी आल्यावर आईला सांगितलं, चूक माझी होती, बाबांचं फिरणं थांबणार नाही, रोज सेट मी तपासून देईन. आई म्हणाली, "चलो, बघू." मी सेटमधले ते आकडे पुसायला घेतले, तर बाबांनी माझा हात धरला.

"राहू दे गं. घर कुठे आहे ते त्याला तरी पक्कं माहीत असू दे."

मी आकडे पुसले. मग मोठ्या अक्षरांत घराचा पत्ता लिहिला आणि सेटच्या पाठीवर चिकटवला.